हाताने विणलेले मोजे दिसावेत, तर पादत्राण कोणते निवडावे?

ऊबघर

थंडी जवळ आली की इथे दक्षिण जर्मनीत लोकरीच्या दुकानांतली मोज्यांची लोकर दर्शनी फळीवर येते, आणि आगगाडीत, डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात, मुलांच्या पोहण्याच्या वर्गाबाहेर पाच सुयांवर मोजे विणणाऱ्या बायका दिसू लागतात. या संकेतस्थळावर विणकामावरच्या चर्चेच्या धाग्यांची वाण नाही. टाचेचे प्रकार, लोकरीचे दर, गोल सुई चांगली की दोन्ही टोकांच्या सुया, यांवर भरपूर लिहून झाले आहे. विणून झालेला जोड कशात घालायचा, यावर मात्र सविस्तर चर्चा झालेली माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा.

अडचण सगळ्यांच्या परिचयाची आहे. ७५ टक्के मेंढीची लोकर आणि २५ टक्के नायलॉन अशा बारीक धाग्याचा, चारशे-सव्वाचारशे मीटर लांबीचा १०० ग्रॅमचा गुंडा आणायचा, अडीच मिलिमीटरच्या सुयांवर ६४ टाके घालायचे, पोटरीची नक्षी, टाच, टाचेच्या बाजूंचे टाके उचलणे, चवडा, बोटांकडची घट असे सगळे निगुतीने करायचे आणि शेवटी तो जोड बंद बुटात नाहीसा होतो. मग आपण 'यावर काय घालता येईल' असा शोध घेत बसतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. पादत्राण आधी ठरवावे आणि नक्षी मागाहून निवडावी, कारण प्रत्येक पादत्राण मोज्याचा एक ठरावीक भाग उघडा ठेवते आणि उरलेला झाकते. कोणता भाग उघडा राहणार हे ठाऊक असेल, तर कष्ट कुठे घ्यायचे आणि कुठे सरळ सुलट टाके विणून मोकळे व्हायचे, हे आपोआप ठरते.

माझ्या अनुभवात सर्वांत उजवे ठरते ते स्वीडिश पद्धतीचे, लाकडी तळव्याचे आणि मागून उघडे असलेले क्लॉग. चवडा झाकलेला, टाच मात्र पूर्ण उघडी. त्यामुळे आपण ज्या टाचेसाठी एवढे रक्त आटवतो ती टाच पहिल्यांदाच लोकांसमोर येते. एक टाका विणायचा, एक नुसता उचलून घ्यायचा आणि पुढच्या सुलट ओळीत ही जागा एका टाक्याने सरकवायची, अशी जाळीदार ठिपक्यांची टाच यात फार खुलते. टाच वेगळ्या रंगात विणली असेल तर विचारायलाच नको. क्लॉगमध्ये बोटांची नक्षी मात्र वाया जाते, म्हणून उरलेल्या लोकरीच्या तुकड्यांची विल्हेवाट तिथे लावावी.

दुसरा प्रकार म्हणजे पावलावरून एक आडवा पट्टा असलेला बूट, ज्याला मेरी जेन म्हणतात आणि जो आपण शाळेत काळ्या रंगात घातला आहे. यात पावलाचा वरचा भाग बराचसा उघडा राहतो आणि पट्टा जातो तेवढीच दोन-अडीच सेंटिमीटरची जागा झाकली जाते. जाळीच्या विणीसाठी याहून चांगले पादत्राण मला सापडलेले नाही. याचाच भाऊ म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा पट्टा असलेला बूट, पण तो घेताना सावध राहावे, कारण त्याचा उभा पट्टा पावलाच्या बरोबर मध्यावरून जातो. मोज्यांचे बहुतेक नमुने मधोमध एक ठळक नक्षी आणि दोन्ही बाजूंना साधे टाके अशा मांडणीचे असतात, आणि हा बूट नेमकी तीच नक्षी झाकतो. त्यासाठी नक्षी दोन बाजूंना विभागलेली हवी.

तिसरा प्रकार दोन पट्ट्यांच्या सँडलचा. बिर्केनस्टॉक या जर्मन कंपनीची 'ॲरिझोना' १९७३ साली आली आणि सँडलमध्ये मोजे घालणारा जर्मन माणूस हा इथल्या लोकांचा स्वतःवरच हसण्याचा हक्काचा विषय होऊन बसला. अलीकडे मात्र तरुण मुले तेच ऐटीत मिरवतात. दोन रुंद पट्टे पावलाचा मधला भाग खाऊन टाकतात, पण बोटे, टाच आणि पोटरी उघडी राहते. आपोआप पट्टे पडणाऱ्या रंगीत लोकरीचे, साध्या सुलट विणीचे मोजे यात छान दिसतात, कारण रंगांचे पट्टे कुठेही तुटले तरी डोळ्यांना खटकत नाहीत. एखादे चित्र किंवा मोठी एकसंध नक्षी मात्र तुटते आणि काहीतरी बिघडल्यासारखे वाटते.

घोट्यापर्यंतच्या बुटांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. त्यांत फक्त वरची काठाची वीण दिसते, तेव्हा काठ लांब विणावा, दुमडावा आणि बाकीचा मोजा साधा ठेवावा.

आता आपले अनुभव लिहा. भारतातल्या हवेत आणि भारतात मिळणाऱ्या पादत्राणांत काय जमते, हे मला विशेष जाणून घ्यायचे आहे.

मापपट्टी

लेख उपयुक्त आहे, पण दिसण्याच्या आधी बसण्याचा प्रश्न येतो, त्याचा उल्लेख राहिला आहे. बहुतेक जण हाताने विणलेल्या मोज्यांसाठी बूट एक नंबर मोठा घेतात आणि मग टाच सुटते म्हणून कुरकुरतात. यामागचे गणित सोपे आहे. समजा आपला विणलेला मोजा दुकानातल्या मोज्यापेक्षा एक मिलिमीटर जाड आहे. लांबीत त्याने पुढे एक आणि मागे एक, अशी दोनच मिलिमीटरची भर पडते. पावलाच्या घेरात मात्र जाडीच्या दुपटीला पायने गुणावे लागते, म्हणजे सहा मिलिमीटरांहून थोडी अधिक भर पडते. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे पाऊण सेंटिमीटरहून थोडे कमी, नेमके सांगायचे तर ६.६७ मिलिमीटर, आणि आपल्याकडे दुकानांत चालणाऱ्या ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर लांबी. दोन मिलिमीटरसाठी साडेआठ मिलिमीटर लांबी वाढवली, तर पाऊल बुटात पुढेमागे सरकणारच, आणि सरकणाऱ्या पावलाखाली लोकर लवकर झिजते.

तात्पर्य, लांबी तीच ठेवून रुंद साचा घ्यावा, किंवा घेर कमीजास्त करता येईल असे, नाडीचे अथवा बक्कलचे पादत्राण घ्यावे. मेरी जेन आणि दोन पट्ट्यांची सँडल यांत ही सोय आहे, म्हणूनच ती विणकरांना मानवतात. बिनपट्ट्याचे, नुसते पाय सरकवायचे लोफर यात नापास होतात: पातळ मोज्यावर बेताचे घेतले तर विणलेल्या मोज्यावर चढत नाहीत, विणलेल्या मोज्यावर घेतले तर उन्हाळ्यात पायातून निसटतात. आतला सुटा तळवा काढता येणारे बूट मिळाले, तर तो काढून दोन-तीन मिलिमीटरची जागा होते, तोही एक उपाय आहे. खरेदीला जाताना विणलेला जोड पिशवीत घेऊन जावे आणि तो घालूनच बूट पाहावा, संध्याकाळी गेल्यास अधिक चांगले, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगलेले असते.

ऊबघर

मापपट्टी, घेराचे हे गणित माझ्या डोक्यात कधीच आले नव्हते, धन्यवाद. यात एक पुरवणी जोडते. दोन रंगांचे धागे एकाच ओळीत चालवून जी नक्षी विणली जाते, तिच्या मागच्या बाजूला न विणलेला धागा आडवा पसरलेला असतो. असा मोजा एकरंगी मोज्यापेक्षा स्पष्टपणे जाड असतो आणि ताणलाही कमी जातो. वेणीची वीणही जाड, कारण टाके एकमेकांवर चढलेले असतात. बुटाच्या पट्ट्याखाली जर वेणी आली तर तासाभराने तिचा ठसा पावलावर उमटलेला दिसतो. म्हणून वेण्या पोटरीवर आणि पाऊल साधे, ही जुनी पद्धत केवळ आळसातून आलेली नाही.

किनारपट्टी

आम्ही रत्नागिरीला राहतो. इथे लोकरीचा मोजा घातला तर लोक आधी ताप आहे का म्हणून विचारतील. विनोद बाजूला ठेवून सांगायचे, तर मी सुती आणि नायलॉन मिश्रणाच्या धाग्याचे मोजे विणते, पण सुताला लोकरीची लवचीकता नसते, त्यामुळे पोटरीचा भाग दिवसभरात घसरून घोट्यावर गोळा होतो. म्हणून मी घोट्याच्या जेमतेम वर येणारे आखूड मोजे, दोन सुलट दोन उलट या विणीचे, विणते.

पण माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. मोजे दाखवण्यासाठी पादत्राण कशाला हवे? आपल्याकडे पादत्राणे उंबऱ्याबाहेर राहतात. आपण ज्यांच्याकडे जातो ते आपले मोजे पूर्ण पाहतात, बोटांपासून पोटरीपर्यंत, आणि मंगल कार्यालयात तर शंभर माणसे पाहतात. तिथे पट्टा कुठून जातो हा प्रश्नच उद्भवत नाही.

ऊबघर

किनारपट्टी, मुद्दा मान्य आहे, आणि जर्मनीतही दारातच बूट काढण्याची पद्धत असल्याने तो इथेही लागू पडतो. मात्र त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे गुळगुळीत फरशीवर लोकरीचा मोजा घसरतो. वयस्कर माणसांसाठी विणलेल्या मोज्यांना तळव्याखाली रबराचे ठिपके लावायला हवेत, किंवा चामड्याचा पातळ तळवा शिवायला हवा. दुसरी अडचण म्हणजे नुसत्या मोज्यांनी फिरले की तळव्याची लोकर झिजते आणि तिला कचरा चिकटतो. बाकी, घरात मोजे दिसतात म्हणून बाहेर दिसू नयेत असे थोडेच आहे?

धुकेरी

मी एडिंबरामध्ये राहतो आणि पुरुषांच्या बाजूने लिहितो. (विणतो मीच, बायको नाही. हा प्रश्न नेहमी येतो म्हणून आधीच सांगून टाकले.)

या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत ठाशीव उत्तर स्कॉटिश पोशाखात आहे. किल्ट, म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, त्याखाली घालायचे लांब मोजे गुडघ्याच्या दोन-तीन बोटे खाली संपतात. त्यांचा वरचा काठ खाली दुमडलेला असतो आणि बहुतेक नक्षीकाम त्या दुमडीवर असते, कारण किल्टची कडा आणि बूट यांच्यामध्ये डोळा पहिल्यांदा तिथेच जातो. दुमडीखाली मोजा धरून ठेवणारा बंद असतो आणि त्याची रंगीत टोके बाहेर लोंबतात. या मोज्यांबरोबर घालायचा बूट म्हणजे गिली ब्रोग. त्याला नाडीखालची जीभच नसते. जीभ नसल्यामुळे ओला बूट लवकर वाळतो असे कारण सांगतात. विणकराच्या दृष्टीने त्याचा खरा फायदा असा की नाड्यांच्या फटींतून पावलावरचा मोजा दिसत राहतो. शिवाय लांब नाड्या घोट्याभोवती गुंडाळून वर, पुढच्या बाजूला बांधतात, म्हणजे बूट स्वतःच मोज्यावर एक नक्षी काढतो. मात्र तिथे भरगच्च वेण्या असतील तर नाड्या आणि वेण्या एकमेकींत हरवून जातात, म्हणून नाड्यांच्या पट्ट्यात मी साधी उभी काठाची वीण ठेवतो.

कार्यालयात जाणाऱ्या, बंद ऑक्सफर्ड बूट घालणाऱ्या पुरुषाला मोजा दाखवण्याची संधी बसल्यावरच मिळते. पायावर पाय टाकला की विजारीची कडा वर सरकते आणि घोट्याची बाहेरची बाजू तेवढी दिसते. युरोपात काही शतकांपूर्वी रेशमी आणि लोकरी स्टॉकिंगवर घोट्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढत जाणारी एक अरुंद उभी नक्षी काढत असत. त्या काळचे पुरुष गुडघ्यापर्यंतची विजार घालत, त्यामुळे ती चारचौघांत दिसे. मला ही कल्पना आजच्या कार्यालयासाठी फार योग्य वाटते: पूर्ण मोजा गडद करडा, आणि फक्त बाहेरच्या घोट्यावर आठ-दहा टाक्यांची उभी नक्षी. डाव्या आणि उजव्या मोज्याची नक्षी मात्र आरशातल्यासारखी उलट विणावी लागते.

ऊबघर

धुकेरी, हे वाचून इथल्या बव्हेरियातल्या आणि पलीकडच्या ऑस्ट्रियातल्या पोशाखाची आठवण झाली. तिथे गुडघ्यापर्यंतच्या चामडी विजारीखाली जे घालतात त्याला 'लोफर्ल' म्हणतात, आणि तो मोजाच नव्हे, फक्त पोटरीवर चढवायची विणलेली नळी असते. पावलात वेगळा आखूड मोजा घालून त्यावर हाफर्ल नावाचा, घोट्याखालीच संपणारा, जाड तळव्याचा बूट घालतात. ऑस्ट्रियातल्या एन्स नदीच्या खोऱ्यात पोटरीच्या मागच्या बाजूने पिळदार टाक्यांच्या नागमोडी रेषा चढवण्याची परंपरा आहे. त्यात पोटरीच्या फुगवट्यावर नक्षी रुंद होते आणि खाली घोट्याकडे निमुळती होते. दाखवायचे काम आणि झिजायचे काम असे दोन वेगळ्या विणलेल्या वस्तूंवर वाटून टाकले, की बुटाची कटकटच संपते. पावलाचा मोजा फाटला तर दुसरा विणायचा, नक्षीला धक्का नाही.

रंकाळा

कोल्हापुरी चपलेचा विषय निघाला नाही म्हणून मलाच तो काढावा लागतो आहे.

आपल्याकडे अंगठा वेगळा असलेले मोजे बाजारात सर्रास मिळतात, म्हणजे चपलेवर मोजे घालणे आपल्याला नवे नाही. ते कातडीच्या रंगाचे आणि यंत्रावरचे असतात इतकेच. तोच आकार हाताने विणला तर कोल्हापुरी चप्पल ही मोजे दाखवायला उत्तम जागा आहे: घोटा, टाच आणि पावलाचा दोन तृतीयांश भाग उघडा, वर एक पट्टा आणि बाजूंना कान. पुणे-कोल्हापूर-नाशिक भागात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी असा जोड खुशाल घालता येतो.

विणताना पाऊल बोटांच्या बेचक्यापर्यंत नेहमीसारखे न्यावे. तिथे अंगठ्याच्या बाजूचे साधारण एक तृतीयांश टाके वेगळ्या धाग्यावर ओवून ठेवावेत, बेचक्यात तीन-चार टाके नव्याने घालावेत आणि आधी चार बोटांचा भाग संपवावा. मग ठेवलेले टाके सुयांवर घेऊन, बेचक्यातून नव्याने टाके उचलून अंगठा विणावा. बेचक्यात भोक राहते, ते आतून शेपटीच्या धाग्याने आवळून घ्यावे. साधा मोजा कोणत्याही पायात चालतो. हा डावा-उजवा वेगळा होतो, आणि नक्षी असेल तर तिची जागाही त्यानुसार हलते, हे पहिले टाके घालतानाच लक्षात ठेवावे.

आता चपलेकडे वळू. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळून २०१९ साली कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. पारंपरिक पद्धतीत चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते. अशा नव्या चामड्याचा तपकिरी रंग घामाने किंवा दवाने ओल्या झालेल्या लोकरीला लागू शकतो, म्हणून नव्या चपलेवर पांढरा, मोतिया, फिकट गुलाबी मोजा घालू नये. वीटकरी, हळदी, गर्द हिरवा, जांभळा असे रंग घ्यावेत. ते चामड्याच्या रंगाशी जुळतातही. चपलेचा अंगठा, म्हणजे अंगठ्याभोवतीचा चामडी वेढा, नुसत्या पायाच्या मापाने बांधलेला असतो आणि त्यात विणलेला अंगठा शिरत नाही. चप्पल बांधून घेणार असाल तर कारागिरासमोर मोजा घालून बसावे. तयार चप्पल घेणार असाल तर तो वेढा नसलेली, नुसत्या पट्ट्याची आणि अंगठ्यालगत बंद असलेली घ्यावी.

सांजवारा

रंकाळा, हे नेमके हवे होते. एक प्रश्न सर्वांनाच: मोज्यांबरोबर वरचे कपडे कोणते घालावेत? मी बहुतेक वेळा चुडीदार किंवा साडी नेसते.

ऊबघर

चुडीदारच्या चुण्या घोट्यावर गोळा होतात आणि पोटरीची सगळी नक्षी गिळून टाकतात, म्हणून चुडीदारखाली पोटरीवर काहीच विणू नये. पावलावर आणि टाचेवर भर द्यावा आणि वर क्लॉग किंवा कोल्हापुरी घालावी. पाचवारी साडीत चालताना टाच आणि चवडा तेवढा दिसतो, हिशेब तोच. पोटरी दाखवायची असेल तर घोट्याच्या वर चार-पाच बोटे संपणारी विजार किंवा दुमडलेली जीन्स हवी.

खडीसाखर

आणि नऊवारीत दोन्ही! आमच्या वाड्यातल्या आजीबाई थंडीत नऊवारीखाली नातीने विणलेले लाल मोजे आणि कापडी बूट घालून काकड आरतीला जात. त्यांच्याइतके मोजे कुणाचेच दिसत नसत.

मनालीवाट

हिमाचलमधल्या एका जोडीबद्दल इथे लिहायलाच हवे. लाहौलमध्ये विणकाम पोचले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर केलांगला आलेल्या, मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांबरोबर, आणि तिथल्या स्त्रियांनी ते इतके आपलेसे केले की लाहौली मोजे आणि हातमोजे यांना आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. घोट्याच्या वरच्या भागात अनेक रंगांची भौमितिक नक्षी ही त्यांची ओळख. कुल्लूच्या बाजूला याबरोबर 'पूला' घालतात. त्याचा तळवा भांगेच्या झाडाच्या तंतूंचा आणि वरचा भाग बकरीच्या केसांच्या रंगीत धाग्यांचा असतो. चामडे मुळीच नसल्यामुळे तो देवळात आणि स्वयंपाकघरातही चालतो. घोट्याखालीच संपणारा, मऊ, कडा नसलेला असल्याने तो मोज्याला कुठेही धरत नाही. एकच दोष आहे: पूला स्वतःच इतका रंगीत असतो की त्यावर रंगीबेरंगी मोजा घातला तर दोघांत भांडण लागते. माझ्या डोळ्यांना पूलावर नैसर्गिक करड्या लोकरीचा मोजा, आणि रंग फक्त वरच्या काठाला, असेच बरे दिसते.

मापपट्टी

वरच्या प्रतिसादांत झीज आणि खेच यांबद्दल तुटक उल्लेख आले आहेत, ते जरा नीट लिहितो, कारण देखणे पादत्राण मोजा खाऊन टाकत असेल तर उपयोग नाही. लोकरीचा पहिला शत्रू बुटाची चिकटपट्टी, म्हणजे वेल्क्रो. तिची खरखरीत बाजू नुसती टेकली तरी टाके उपसते, आणि एकदा उपसलेला टाका शेजारच्या टाक्यांत पुन्हा वाटून देण्यात अर्धी संध्याकाळ जाते. दुसरा शत्रू बक्कलचा काटा, विशेषतः पट्टा बक्कलमधून ओवताना. पाय आधी घालून नंतर पट्टा लावण्यापेक्षा, पट्टा सैल पण लावलेला ठेवून पाय आत सरकवावा. तिसरी जागा म्हणजे लाकडी क्लॉगची कडा, जिथे चामडे तळव्याला खिळ्यांनी किंवा पिनांनी ठोकलेले असते. घेण्याआधी आतून बोट फिरवून पाहावे. सँडलचा आतला तळवा लवदार, मऊ चामड्याचा (स्वेडचा) असेल तर लोकर त्याला धरते. पाय घसरत नाही हा फायदा, पण चवड्याखाली गोळे येतात. तिथे मोज्याला आतून बारीक नायलॉन धागा जोडून विणावा, किंवा झिजण्याआधीच रफू करून ठेवावा.

किनारपट्टी

सगळे वाचले. उंबऱ्याबाहेरच्या चपलांबाबतचे माझे मत कायम आहे, पण अंगठ्याचे मोजे सुती धाग्यात विणून पाहीन म्हणते. रंकाळा, सुतात बेचक्यातले ते भोक जास्त मोठे पडेल का?

रंकाळा

पडेल, कारण सूत आवळून घेत नाही. बेचक्यात चारऐवजी पाच-सहा टाके घाला आणि अंगठ्याच्या पहिल्याच दोन ओळींत जास्तीचे टाके दोन-दोन एकत्र विणून कमी करा. ताण बेचक्याऐवजी अंगठ्याच्या बुंध्यावर जातो.

सांजवारा

शेवटची शंका. नाशिकला माझ्या सासूबाई आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. संध्याकाळी त्यांच्या पायांवर सूज येते, त्यामुळे त्या बाहेर जाताना चिकटपट्टीची, दोन पट्ट्यांची सँडलच घालतात आणि ती बदलणार नाहीत. त्यांना रंगीत मोजे फार आवडतात आणि ते दिसावेत असेही त्यांना वाटते. काय विणू?

ऊबघर

सूज नेहमीची असेल तर मोज्यांआधी ती डॉक्टरांच्या कानावर घाला. मोज्याचा काठ मुळीच आवळणारा नको. नेहमीच्या ६४ टाक्यांऐवजी ७२ टाके घ्या, टाके सैल घाला, आणि काठाला दोन सुलट दोन उलट ऐवजी तीन सुलट एक उलट ठेवा, म्हणजे वीण पकडेल पण रुतणार नाही. वेण्या, गाठी, दुरंगी नक्षी यांतले काहीच पट्ट्याखाली येऊ देऊ नका, कारण सुजलेल्या पायावर प्रत्येक उंचवटा बोचतो. रंग आपोआप पट्टे पडणाऱ्या लोकरीतून आणा, आणि बोटे व टाच एकाच ठळक रंगात ठेवा. त्यांच्या सँडलमध्ये तेवढेच दोन भाग सबंध दिसणार आहेत. चिकटपट्टीचा बंदोबस्त मोज्याकडून होणार नाही, सँडलकडूनच करावा लागेल: पट्टा पूर्ण दाबून लावल्यावर खरखरीत बाजूचा जो भाग उघडा राहतो, तो चांभाराकडून कापून घ्या किंवा त्यावर मऊ पट्टीचा तुकडा चिकटवा. बाजूला थोडी नक्षी हवीच असेल तर ती पावलाच्या बाहेरच्या कडेला घाला, कारण आतल्या कडेला चालताना दुसऱ्या पायातली सँडल घासते.